‘काल्पनिक’ कुठे लिहावे, कुठे टाळावे

एकांकिकेच्या संहितेवर ‘यातील सर्व काही काल्पनिक आहे’ असे लिहून मोकळे होऊ नका. गोष्ट ठाण्याच्या तलावपाळीवर घडत असेल तर तलावपाळी खरीच आहे. ‘नाटक ठाण्यात घडते, पात्रे व प्रसंग काल्पनिक आहेत’ असे नेमके लिहा.

आधी लेखन पक्के करा. ‘इक’ प्रत्यय लागला की शब्दाचा पहिला स्वर वाढतो: समाज–सामाजिक, वर्ष–वार्षिक, तसेच कल्पना–काल्पनिक. म्हणून ‘कल्पनिक’ चूक. ‘नि’ ऱ्हस्वच. गरीब, वकील लिहिण्याच्या सवयीने हात ‘काल्पनीक’कडे वळतो, पण उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरे, अक्षर दीर्घ करण्याचा तो नियम तत्सम (संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या) शब्दांना लागत नाही. लिंग-वचनाने रूप बदलत नाही: काल्पनिक राजा, काल्पनिक राणी, काल्पनिक गावात.

अर्थ एवढाच: प्रत्यक्षात नाही, मनाने मानलेले. त्यात खोटेपणाचा आरोप नाही, आणि सर्वाधिक घोळ इथेच होतो. कर्कवृत्त ही काल्पनिक रेषा. जमिनीवर ती कुठेच आखलेली नाही. तरी ती सुमारे २३.५ उत्तर अक्षांशावर आणि ठाणे सुमारे १९.२ वर, म्हणूनच ठाण्यात सूर्य वर्षातून दोनदा, मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस, भर दुपारी डोक्यावर येतो. रेषा काल्पनिक, हिशेब खरा. रचून सांगितलेल्या आरोपाला मात्र ‘कपोलकल्पित’ म्हणा; तिथे ‘काल्पनिक’ फार मवाळ पडते.

कौतुक करताना तर हा शब्द वापरूच नका. ‘काल्पनिक दिग्दर्शक’ म्हणजे अस्तित्वातच नसलेला दिग्दर्शक! नव्या युक्त्या सुचणारा तो ‘कल्पक’.

सरकारी कागदात अर्थ आणखी सरकतो. ३० जूनला निवृत्त होणाऱ्याची ‘काल्पनिक वेतनवाढ’ पगारात हाती पडत नाही, पण निवृत्तिवेतन मोजताना ती धरतात. इमारतीच्या जमिनीबाबतचा शब्द मात्र ‘मानीव अभिहस्तांतरण’. बिल्डर हस्तांतरण करून देत नसेल, तर सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे त्यासाठी अर्ज करते. ‘मानीव’ म्हणजे कायद्याने झाले असे धरलेले. अर्जात किंवा सभेच्या इतिवृत्तात त्याजागी ‘काल्पनिक’ लिहू नका. वाचणाऱ्याला सोसायटीचा हक्कच कागदी वाटेल.