विक्रेता बुडाला, कॅशबॅक अडकला: ब्रिटनमधील मोबाइल करारावरचे पैसे कसे मागावेत

ब्रिटनमध्ये दुकानातून किंवा संकेतस्थळावरून मासिक करारावर फोन घेणाऱ्याला आपण एकच व्यवहार केला असे वाटते, पण ते व्यवहार दोन असतात. सिमकार्ड, डेटा आणि महिन्याचे बिल हा करार नेटवर्क कंपनीशी झालेला असतो. ‘ठरलेल्या महिन्यांच्या बिलांच्या प्रती पाठवा, आम्ही इतके पौंड परत देऊ’ हे आश्वासन मात्र पुष्कळदा मधल्या विक्रेत्याचे असते. विक्रेता दिवाळखोरीत गेला की आश्वासन अडकते आणि करार जसाच्या तसा चालू राहतो.

हे पैसे मुळात येतात कुठून, हे कळले की ते का बुडतात तेही कळते. ग्राहक जोडून दिल्याबद्दल नेटवर्क विक्रेत्याला कमिशन देते आणि त्यातलाच काही भाग विक्रेता कॅशबॅक म्हणून वर्ष-दोन वर्षांत हप्त्यांनी परत करतो. ही रक्कम वेगळ्या खात्यात राखून ठेवलेली असतेच असे नाही. नवे ग्राहक येत आहेत तोवर जुन्यांचे हप्ते निघतात. विक्री थंडावली की तिजोरीत खडखडाट. शिवाय पाचवे बिल अमुक दिवसांतच पोहोचले पाहिजे, पहिले पान असलेच पाहिजे, अशा अटींवर बरेच दावे आधीच गळतात आणि काही विक्रेत्यांचे गणित त्या गळतीवरच बेतलेले असायचे. अशा तक्रारी वाढल्यावर ऑफकॉम या नियामक संस्थेने 2009 मध्ये मोबाइल विक्रीसाठी सक्तीचे नियम केले.

पहिली पायरी: डायरेक्ट डेबिट बंद करू नका

रागाच्या भरात बँकेला सांगून खात्यातून आपोआप जाणारा नेटवर्कचा हप्ता थांबवणे ही या प्रकरणातली सर्वांत महाग चूक आहे. 15 सप्टेंबर 2014 रोजी फोन्स फॉर यू ही मोबाइल दुकानांची मोठी साखळी प्रशासकांच्या (बुडणाऱ्या कंपनीचा कारभार हाती घेणाऱ्यांच्या) ताब्यात गेली आणि तिची दुकाने उघडली नाहीत, तरीही तिच्यामार्फत झालेले नेटवर्कचे करार चालूच राहिले. हप्ता थकला तर त्याची नोंद पतअहवालात होते आणि ती सहा वर्षे राहते. पुढे घरासाठी कर्ज मागताना तीच आडवी येते.

दुसरी पायरी: पैसे नेमके कोणाकडे अडकले ते शोधा

दुकानाच्या पाटीवरचे नाव आणि कंपनीचे नोंदणीकृत नाव एकच असेल असे नाही. ऑर्डरच्या ईमेलच्या तळाशी किंवा अटींच्या पानावर कंपनी क्रमांक असतो. तो कंपनीज हाउस या सरकारी कंपनी-नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर टाकला की कंपनीची स्थिती विनाशुल्क दिसते. द गॅझेट या सरकारी राजपत्रातही नेमणुकीची सूचना येते. आपल्याकडे बुडीत पतसंस्थेवर अवसायक नेमतात, तसा तिथे लिक्विडेटर असतो. व्यवसाय वाचवता किंवा विकता येईल असे वाटले तर आधी प्रशासक येतो. त्याचे नाव आणि पत्ता टिपून घ्या.

इथे दोन गोष्टी नीट पाहाव्यात. तेच नाव लावून नवी कंपनी दुकान चालवू लागली असेल, तर तिने फक्त नाव आणि मालमत्ता विकत घेतलेली असू शकते. जुने कॅशबॅक देण्याची जबाबदारी तिच्यावर आपोआप येत नाही. आणि कोणाचीच नेमणूक न होता कंपनीचे नाव नोंदवहीतून काढून टाकण्याचा प्रस्ताव दिसत असेल, तर आपले पैसे येणे आहेत असा पुरावा जोडून कंपनीज हाउसकडे हरकत नोंदवता येते.

तिसरी पायरी: हिशेब मांडा

समजा, करार महिना 30 पौंडांचा, 24 महिन्यांचा आणि कॅशबॅक 240 पौंडांचा, पाच समान हप्त्यांत. दोन हप्ते मिळाले, म्हणजे 96 पौंड आले आणि 144 राहिले. दावा 144 चाच करावा. ज्या हप्त्यांची तारीख अजून यायची आहे तेही दाव्यात धरता येतात. फक्त कोणता हप्ता कधी देय होता, हे स्पष्ट लिहावे. सोबत ऑर्डरचा ईमेल, खरेदीच्या दिवशीच्या अटी, बिले, ती पाठवल्याची टपाल पावती आणि आधीचे हप्ते जमा झाल्याचे बँकेचे पान जोडावे. विक्रेत्याचे संकेतस्थळ केव्हाही बंद पडते, म्हणून अटींचे पान आजच उतरवून ठेवा. पुढची बिलेही ठरलेल्या तारखांना प्रशासकाकडे पाठवत राहिलेले बरे, म्हणजे ‘अट पाळली नाही’ म्हणायला जागा उरत नाही.

चौथी पायरी: दावा दाखल करा

प्रशासकाकडून किंवा लिक्विडेटरकडून ‘प्रूफ ऑफ डेट’ (आपले येणे असल्याचा दावा) नावाचा अर्ज मागवून, भरून, कागदांसह पाठवावा. इंग्लंड आणि वेल्सच्या नियमांत 1,000 पौंडांपर्यंतच्या लहान दाव्यांना सवलत आहे: तशी सूचना आली आणि तीत दाखवलेली रक्कम बरोबर असली, तर वेगळा अर्ज न करताही दावा मान्य धरला जातो. पण कंपनीच्या दफ्तरात तुमची नोंद आहे की नाही हे तुम्हाला ठाऊक नसते, तेव्हा अर्ज करावाच. त्याला शुल्क लागत नाही. ‘आधी फी भरा, मग पैसे सोडवून देतो’ असा फोन आला तर तो ठेवून द्यावा.

अपेक्षा मात्र आवरून ठेवावी. तारण असलेले कर्जदाते, कामकाजाचा खर्च, कामगारांची काही देणी, करखात्याच्या काही रकमा हे सगळे पुढे उभे असतात आणि कॅशबॅकवाला ग्राहक विनातारण धनकोंच्या रांगेत मागे असतो. पौंडामागे 3 पेन्स वाटप झाले, तर आपल्या उदाहरणातल्या 144 पौंडांचे 4 पौंड 32 पेन्स हाती येतील. छोट्या दाव्यांच्या न्यायालयात जाऊनही उपयोग नाही. कंपनी प्रशासकाकडे गेल्यावर त्याच्या संमतीशिवाय किंवा न्यायालयाच्या परवानगीशिवाय तिच्यावर दावा चालवता येत नाही.

पाचवी पायरी: बाजूचे दरवाजे ठोठावून पाहा

हँडसेटसाठी विक्रेत्याला क्रेडिट कार्डाने पैसे दिले असतील, तर 1974 च्या ग्राहक पत कायद्याचे कलम 75 उघडून बघण्यासारखे आहे. वस्तूची किंमत 100 पौंडांहून अधिक आणि 30,000 पर्यंत असेल, तर विक्रेत्याच्या करारभंगाला कार्ड देणारी बँकही जबाबदार धरली जाते. हँडसेट 129 पौंडांचा होता आणि कॅशबॅक त्याच विक्रीची अट होती, असे कागदावरून दाखवता आले तर मागणीत दम आहे. बँकेने नाकारले किंवा आठ आठवडे उत्तर दिले नाही, तर बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या फायनान्शियल ऑम्बड्समनकडे जाता येते. फोन ‘फुकट’ मिळालेला असेल तर हा मार्ग बहुधा बंद. डेबिट कार्डवाल्यांसाठी चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत कार्डावरचा व्यवहार उलटवून घेण्याचा मार्ग असतो, पण तो ज्यांनी पैसे भरले आणि फोन आलाच नाही त्यांच्या कामाचा. कॅशबॅकसाठी त्याचा फारसा उपयोग होत नाही.

शेवटी नेटवर्कलाही लेखी विचारावे: हा विक्रेता तुमचा अधिकृत होता का, कॅशबॅकच्या अटी तुम्ही तपासल्या होत्या का, उरलेल्या रकमेबाबत तुम्ही काय करू शकता? बांधील नसतानाही ग्राहक टिकवण्यासाठी एखादी कंपनी बिलात सूट देऊ शकते. ‘माझे 144 पौंड द्या’ यापेक्षा ‘उरलेल्या महिन्यांचा हप्ता कमी करा’ ही मागणी ग्राहकसेवेतल्या माणसाला मंजूर करणे सोपे जाते.

शिक्षण किंवा नोकरी संपवून भारतात परतणाऱ्यांनी एवढे जपावे. वाटप व्हायला वर्ष-दोन वर्षेही लागू शकतात आणि तोवर लंडनमधले भाड्याचे घर सुटलेले असते, तेव्हा निघण्यापूर्वी प्रशासकाला नवा पत्ता आणि ईमेल कळवावा, आणि ब्रिटनमधले बँक खाते बंद करणार असाल तर पैसे कुठे पाठवायचे हेही लिहून द्यावे.