मरळीच्या आतड्यातून नदीतलं शिसं ओळखताना

नागपूरजवळच्या कन्हान नदीच्या काठावर जाळं काढणाऱ्या ढीवरभाऊंना मी आधीच सांगून ठेवते, "भाऊ, मरळीचं पोट साफ करू नका." मला आतडंच हवं असतं. बाजारातली मरळ या कामाला नको, कारण ती कुठल्या पाण्यातली हे कळत नाही. नाला नदीला मिळतो त्याच्या वर आणि खाली, एकाच हंगामात, साधारण सारख्या आकाराचे मासे घ्या.

आतड्यात काटेरी सोंडेचे पांढुरके कृमी असतात, पॅलिसेंटिस. त्यातल्या एका जातीला आमच्या गावाचंच नाव आहे, 'नागपुरेन्सिस'. भालेराव यांनी १९३१ मध्ये तिचं वर्णन केलं. या कृमींना तोंड नाही, आतडं नाही. सगळं अन्न त्वचेतून शोषतात आणि त्याबरोबर माशाच्या पित्तातून आलेलं शिसंही. जर्मनीत याच गटातल्या पॉम्फोरिंकसमध्ये माशाच्या मांसापेक्षा २७०० पट शिसं सापडलं होतं. पाण्याच्या नमुन्यात जे मोजायला कठीण जातं, ते इथे साठून मिळतं. मात्र तो आकडा आपल्या मरळीला लावू नका, आपलं प्रमाण आपणच काढायचं.

आतडं मिठाच्या सौम्य द्रावणात (०.७ टक्के) उघडा. चिमटा प्लास्टिकचाच घ्या. सुरुवातीला मी स्टीलचा जुना चिमटा वापरला आणि कृमी फॉर्मॅलिनमध्ये टाकले. आठवडाभराचे नमुने धातू मोजण्याच्या कामाचे राहिले नाहीत, अजूनही हळहळ वाटते. कृमी ओढू नका, सोंड आतड्यातच तुटते. ओळख पटवायला दोन-चार वेगळे काढून थंड पाण्यात फ्रिजमध्ये ठेवले की सोंड बाहेर येते, मग सोंडेवरचे काटे मोजता येतात. बाकीचे आम्लाने धुतलेल्या कुप्यांत घालून गोठवा. त्याच माशाचं थोडं मांस आणि यकृतही वेगळं ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार? एक कृमी वजनाला फारच कमी भरतो, म्हणून एका माशातले सगळे एकत्र करा. नायट्रिक आम्लात विरघळवणं आणि धातू मोजणं प्रयोगशाळेवर सोपवा, ते घरी करायचं काम नाही.

एक चूक मात्र बहुतेक सगळे करतात. कृमी सापडले नाहीत की पाणी स्वच्छ समजतात. या कृमीची पिल्लं आधी सायक्लॉप्स नावाच्या पाण्यातल्या बारीक कवचधारी जीवामध्ये वाढतात आणि पाणी फारच बिघडलं तर सायक्लॉप्सच मरतात. म्हणून मी वहीत दोन रकाने ठेवते: किती कृमी, आणि कृमीत किती शिसं. रिकामी मरळ निघाली की त्याच जागचं पाणी बारीक जाळीतून गाळून सायक्लॉप्स आहेत का, ते आधी पाहते.