कुवेतच्या उन्हाळ्याची कारणे नकाशावरून कशी समजून घ्यावीत

कुवेतमधील मित्रीबा येथे 21 जुलै 2016 रोजी 53.9 अंश सेल्सिअस तापमान होते, ही नोंद जागतिक हवामान संघटनेने पडताळणीनंतर ग्राह्य धरली. एवढी उष्णता येते कुठून, याचे उत्तर शोधताना ‘वाळवंट आहे म्हणून’ एवढ्यावर थांबू नये. नकाशा समोर घेऊन एकेक कारण तपासावे.

प्रथम अक्षांश पाहावा. कुवेत शहर 29 अंश उत्तरेच्या थोडे वर, म्हणजे कर्कवृत्ताच्याही उत्तरेस आहे, त्यामुळे तेथे सूर्य नेमका माथ्यावर कधीच येत नाही. मात्र जूनच्या उत्तरार्धात दिवस जवळजवळ 14 तासांचा असतो. मुंबईत सूर्य मे महिन्यात थेट माथ्यावर येऊनही पारा इतका चढत नाही, तेव्हा निव्वळ उन्हाने हे कोडे सुटत नाही.

म्हणून हवेच्या हालचालीकडे वळावे. माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे कारण तेथेच आहे. उन्हाळ्यात या प्रदेशावर वरच्या थरांतील हवा सतत खाली उतरत असते. उतरताना तिच्यावरील दाब वाढतो, ती दर किलोमीटरला सुमारे 10 अंशांनी तापते आणि ढग तयार होऊ देत नाही. हे अवतरण बळावण्यास आपला मोसमी पाऊसही हातभार लावतो: बाष्पाचे पाणी होताना भारतावर मोकळी होणारी प्रचंड उष्णता वरच्या हवेचे अभिसरण बदलते आणि पश्चिमेकडे हवा अधिक जोराने खाली येते. कोकणात धो धो पाऊस कोसळत असतो, त्याच जुलैत कुवेतचे आकाश निरभ्र असते, ते काही प्रमाणात यामुळेच.

मग जमीन पाहावी. देशात बारमाही नदी एकही नाही. ओल असती तर उन्हाची बरीच ऊर्जा बाष्पीभवनात खर्ची पडली असती. कोरड्या जमिनीवर ती जमीन आणि हवा तापवण्यातच जाते.

शेवटी वाऱ्याची दिशा तपासावी. वायव्येचा ‘शमाल’ इराकच्या तापलेल्या मैदानावरून धूळ घेऊन येतो. वारा आग्नेयेकडून आला, तर पारा थोडा उतरतो, परंतु आखाताचे उथळ पाणी स्वतःच तापलेले असल्याने हवा दमट होते, घाम वाळत नाही आणि शरीराला त्रास अधिक होतो. तेथे कामाला जाणाऱ्यांनी म्हणूनच तापमानाबरोबर आर्द्रताही रोज पाहावी. जून ते ऑगस्ट सकाळी 11 ते दुपारी 4 या वेळेत उघड्यावर काम करून घेण्यास तेथील सरकारची बंदी आहे, हेही माहीत असू द्यावे.