ऑनलाइन सुरक्षेचा पाठ: मुलं सांगायला येतील असा कसा घ्यावा

सातवी ते नववीच्या वर्गाला पाच तास पुरतात, आठवड्याला एक. सगळ्या शाळेला मैदानात बसवून पाहुण्यांचं व्याख्यान ठेवण्याच्या फंदात पडू नका. त्यातून मुलांपर्यंत दोनच गोष्टी पोहोचतात: मोबाइल वाईट, आणि ज्याच्या हातून काही घडलं तो मुलगाही वाईट. यातली दुसरी गोष्ट धोक्याची आहे. ज्याला मदतीची सगळ्यात जास्त गरज असते, ते मूल तिच्यामुळेच गप्प बसतं.

सुरुवातीला चिठ्ठ्या

नाव न लिहिता तीन उत्तरं मागा. घरात कोणाचा फोन वापरतोस? त्यात कोणकोणती ॲप वापरतोस? ऑनलाइन काही वाईट घडलं तर कोणाला सांगशील? तिसऱ्या उत्तराच्या चिठ्ठ्या जपून ठेवा, शेवटी त्या लागणार आहेत.

पहिल्या उत्तरावर बाकीची आखणी ठरते. मुलं वापरतात तो फोन बऱ्याचदा वडिलांचा किंवा आईचा असतो. त्याच सिमवर बँकेचे ओटीपी येतात आणि यूपीआयही त्याच फोनमध्ये असतं. म्हणजे मुलाला शिकवायचं ते अख्ख्या घराच्या फोनबद्दल.

पहिला तास: खातं

व्हॉट्सॲपचं टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून सहा अंकी पिन ठेवणं आणि ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून अनोळखी जोडणी काढणं. दोन्ही गोष्टी प्रत्यक्ष दाखवा, घरी जाऊन करायला सांगा.

इन्स्टाग्रामसाठी वय १३ पूर्ण लागतं. म्हणून मुलं जन्मसाल खोटं टाकतात, तेही पंचवीस-तीस वर्षांचं. यावर रागावण्यापेक्षा परिणाम समजावून सांगा: मोठ्यांचं खातं झालं की किशोरवयीनांच्या खात्याला आपोआप मिळणारं संरक्षण लागू होत नाही, आणि अनोळखी माणसाला थेट मेसेज करणं सोपं जातं.

दुसरा तास: पैसे

फळ्यावर एकच वाक्य लिहा: पैसे घ्यायला पिन लागत नाही. यूपीआय पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात, मग समोरचा काहीही सांगो. मग दोन मुलांना समोर बोलवा. एक फ्री फायर या मोबाइल गेममधले डायमंड फुकट देणारा, दुसरा गिऱ्हाईक. ‘क्यूआर स्कॅन कर आणि पिन टाक, डायमंड जमा होतील’ हे वाक्य आलं की वर्गाने थांबवायचं.

दुसरा सापळा एपीके फाइलचा, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणाऱ्या फाइलचा. लग्नपत्रिका, आरटीओचं चलान, सरकारी योजनेची यादी अशा नावांनी ती व्हॉट्सॲपवर येते. आजोबांना ती उघडत नाही, मग ते नातवाला सांगतात आणि नातू सेटिंगमध्ये जाऊन परवानगी देतो. अशी फाइल फोनमधले मेसेज वाचू शकते, त्यात ओटीपीही आले. खरी पत्रिका फोटो किंवा पीडीएफ म्हणून येते. नावाच्या शेवटी ‘एपीके’ दिसलं की उघडायचं नाही, हे मुलांनीच घरातल्या मोठ्यांना सांगायचं. हे काम त्यांना अभिमानाने करू द्या.

पैसे गेलेच तर १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक लगेच फिरवायचा. पैसा पुढच्या खात्यांत सरकवला जाण्याआधी गोठवता आला तरच परत मिळण्याची आशा असते. संध्याकाळी बाबा आल्यावर बघू, असं म्हणत थांबायचं नाही.

तिसरा तास: दुसऱ्याचा फोटो

वर्गाच्या ग्रुपवर कोणाचा तरी फोटो काढून स्टिकर बनवणं, मुलीचा चेहरा एआय ॲपने भलत्या शरीरावर लावणं, भांडणाचा व्हिडिओ फिरवणं. इथे तुमच्या वर्गातच करणारे, सोसणारे आणि बघे असे तिघेही बसलेले असतात, म्हणून ताजं उदाहरण घेऊ नका. नियम एवढाच: ज्याचा फोटो, त्याची परवानगी. फॉरवर्ड करणाराही करणाऱ्यांतच धरला जातो. आणि ‘गंमत होती’ म्हणून अल्पवयीन मुलाचं असं चित्र फिरवणाऱ्या विद्यार्थ्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाऊ शकतं, हे एकदाच, शांतपणे सांगा.

चौथा तास: धमकी

बहुतेक उपक्रम इथे फसतात. कारण ‘असं करू नका’ हे शिकवून होतं, पण करून बसलेल्या मुलाने काय करायचं ते कोणी शिकवत नाही.

हा तास घेण्याआधी पालक सभा झालीच पाहिजे. सभेचा विषय एकच: मूल सांगायला आलं तर फोन काढून घेतला जाणार नाही आणि ओरडा पडणार नाही. यावर पालकांची सही घ्या. मुलग्याला फोन जाण्याची आणि माराची भीती असते. मुलीला शाळाच बंद होण्याची, काही घरांत लग्न लावून देण्याची. पालकांसमोर हे स्पष्ट शब्दांत बोला. हे बोलायला शाळा कचरते आणि तिथेच पुढचा तास वाया जातो. वडील येत नसतील तर त्यांच्यासाठी वेगळी संध्याकाळची वेळ ठेवा. फोन त्यांचा आहे, फक्त आईने सही करून भागत नाही.

वर्गात आधी धमकीची रीत सांगा, पायरीपायरीने. मुलग्यांच्या बाबतीत बहुधा एका मुलीच्या नावाचं खोटं खातं येतं, दोन दिवस गप्पा होतात, मग ‘व्हॉट्सॲपवर ये’, मग व्हिडिओ कॉल. कॉल रेकॉर्ड झालेला असतो. पुढच्या मेसेजमध्ये त्या व्हिडिओबरोबर मुलाच्या फॉलोअरांची यादी येते आणि ‘एका तासात पैसे पाठव’. मुलींच्या बाबतीत धमकावणारा बऱ्याचदा ओळखीचा असतो, आणि फोटो खरा असायचीही गरज नसते. बनावट चित्र दाखवण्याची धमकी देणं हासुद्धा पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम ११ प्रमाणे लैंगिक छळ आहे. ही रीत आधीच ऐकलेल्या मुलाला ती समोर आल्यावर ‘हे माझ्याच नशिबी आलं’ असं वाटत नाही.

मग क्रम शिकवा, आणि क्रम महत्त्वाचा आहे.

१. पैसे पाठवायचे नाहीत. एकदा दिले की मागणी वाढते.
२. काही डिलीट करायचं नाही. घाबरलेलं मूल सगळ्यात आधी पूर्ण चॅट उडवतं आणि तक्रारीला लागणारा पुरावा तिथेच जातो.
३. स्क्रीनशॉट घ्यायचे: धमकीचे मेसेज, समोरच्याचं प्रोफाइल, फोन नंबर, यूपीआय आयडी. प्रोफाइलवर मोठ्या अक्षरांत दिसणारं नाव कामाचं नसतं, ते कोणीही बदलतं. वर दिसणारं, मध्ये जागा न सोडता लिहिलेलं युजरनेम टिपायचं. पैसे गेले असतील तर व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर क्रमांकही. मेसेज आपोआप गायब होणारे असतील तर दुसऱ्या फोनने स्क्रीनचा फोटो घ्यायचा, कारण इन्स्टाग्रामच्या व्हॅनिश मोडमध्ये स्क्रीनशॉट घेतल्याचं समोरच्याला कळतं.
४. मोठ्या माणसाला सांगायचं, त्याच दिवशी.
५. ब्लॉक त्यानंतर.

चौथी पायरी बोलायला सोपी आणि करायला सगळ्यात अवघड. ‘आईबाबांना सांगा’ एवढं म्हणून पुढे जाऊ नका. मुलाला पहिलं वाक्यच सुचत नाही, तर ते वाक्य त्याला द्या: ‘बाई, ऑनलाइन काहीतरी झालंय. आधी ऐकून घ्या, मग बोला.’ सगळ्या वर्गाकडून ते वहीत लिहून घ्या, म्हणजे कोणा एकासाठी लिहिल्यासारखं होणार नाही. शाळेतल्या दोन व्यक्तींची नावं फळ्यावर लिहा, त्यात एक बाई हव्यातच. शाळेतल्या मुलामुलींच्या सुरक्षेसाठी असलेल्या सखी सावित्री समितीतल्या शिक्षिका यासाठी योग्य. फक्त तक्रारपेटीवर विसंबू नका. धमकीची मुदत तासांची असते, पेटी उघडेपर्यंत ती संपून जाते. घरी किंवा शाळेत कोणालाच सांगवत नसेल तर १०९८, ही मुलांसाठीची मदतवाहिनी. हा क्रमांक पाठ करून घ्या.

आता मूल तुमच्यासमोर येऊन उभं राहिलं की काय करायचं?

‘तू फोटो पाठवलासच कशाला?’ हा प्रश्न विचारू नका. आज नाही, नंतरही नाही. ‘सांगितलंस ते बरं केलंस’ म्हणा आणि ऐका. ‘मी कोणाला सांगणार नाही’ असं वचनही देऊ नका, कारण ते पाळता येत नाही. पॉक्सोच्या कलम १९ खाली असा गुन्हा घडल्याचं कळलं की विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवावंच लागतं, आणि न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मुलाला खरं तेच सांगा: ‘जेवढ्यांना सांगणं भाग आहे तेवढ्यांनाच सांगेन, आणि आधी तुला सांगून.’

तो फोटो किंवा व्हिडिओ स्वतःच्या फोनवर मागवू नका, मुख्याध्यापकांना पाठवू नका, त्याचा स्क्रीनशॉटही घेऊ नका. अल्पवयीन मुलाचं असं चित्र साठवणं आणि पाठवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली गुन्हा आहे आणि मदतीच्या हेतूने केलं तरी तुम्ही अडचणीत येऊ शकता. शिवाय आपलं चित्र आणखी एका फोनवर गेलं, हे मुलासाठी दुसरं संकट असतं. पोलीस पाहतील तेव्हा पाहतील, तोवर ते मुलाच्याच फोनमध्ये राहू दे.

मुलाने घडलेलं एकदाच सांगावं. वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक, मग संस्थेचे पदाधिकारी, असं तीनदा वदवून घेणं बंद करा. त्याच्याच शब्दांत लिहून तारीख-वेळ घाला आणि पुढे तो कागद चालवा. पालकांना कळवण्याआधी धमकी देणारा घरातला किंवा नात्यातला नाही ना, याची खात्री करा. तसा संशय असेल तर आधी १०९८ किंवा पोलीस.

‘पोलीस ठाण्यात मुलीला बसवणार का’ हा पालकांचा प्रश्न येतोच. उत्तर कायद्यात आहे: पॉक्सोच्या कलम २४ नुसार मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशाविना. ऑनलाइन तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या राष्ट्रीय पोर्टलवर करता येते. महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी तिथे वेगळा विभाग आहे. चित्र पसरण्याची भीती असेल तर ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा वापरा. ती अमेरिकेतली बेपत्ता आणि शोषित मुलांसाठीची राष्ट्रीय संस्था चालवते. चित्र फोनमध्येच राहतं, त्याचा फक्त डिजिटल ठसा जातो आणि इन्स्टाग्राम, फेसबुकसारखे सहभागी मंच त्यावरून ते ओळखून काढतात. व्हॉट्सॲपच्या खासगी चॅटमध्ये मात्र ही सेवा पोहोचत नाही, हे आधीच सांगून ठेवा.

पाचवा तास: सराव

धमकीचं एक बनावट चॅट कागदावर छापून प्रत्येक जोडीला द्या. तक्रारीत जाणाऱ्या गोष्टींना गोल करायला सांगा: युजरनेम, नंबर, यूपीआय आयडी, वेळ. बरीच मुलं आधी मोठ्या अक्षरातल्या नावालाच गोल करतील. तिथे थांबून पुन्हा दाखवा.

महिन्याभराने तिसऱ्या प्रश्नाच्या चिठ्ठ्या परत लिहून घ्या आणि पहिल्या चिठ्ठ्यांशेजारी ठेवा. ‘कोणालाच नाही’ हे उत्तर कमी झालं नसेल तर मुलांना पुन्हा शिकवत बसू नका. आधी पालक सभा परत बोलवा, आणि फळ्यावर लिहिलेली ती दोन नावं मुलांना विश्वासाची वाटतात का, ते तपासा.