पाळीव कुत्रा वन्य प्राण्यांच्या मागे लागत असेल तर

घरात मुलांच्या अंगाखांद्यावर खेळणारा, पाहुण्यांनाही शेपूट हलवत सामोरा जाणारा कुत्रा एखाद्या संध्याकाळी झुडपातून ससा तोंडात धरून बाहेर येतो, तेव्हा बहुतेक मालक हबकतात आणि कुत्र्याला बदडतात किंवा उपाशी ठेवतात. दोन्हींचा काडीचाही उपयोग होत नाही. मार मिळतो तो शिकार संपल्यानंतर, त्यामुळे त्याचा संबंध धावण्याशी न जुळता फार तर मालकाकडे परत येण्याशी जुळतो. आणि पाठलाग भुकेपोटी होत नसल्यामुळे पोट भरलेला कुत्राही तितक्याच त्वेषाने धावतो.

चाहूल घेणे, नजर रोखणे, दबकत पुढे सरकणे, धावणे, पकडणे, मारणे आणि खाणे अशी शिकारीची साखळी कुत्र्याला पूर्वजांकडून मिळालेली आहे. माणसाने आपल्या सोयीनुसार पैदास करताना तिच्यातील काही कड्या ठळक केल्या आणि काही पुसट केल्या. मेंढ्या राखणाऱ्या बॉर्डर कॉलीत नजर रोखणे व पाठलाग बळावला, रिट्रीव्हरमध्ये अलगद उचलून आणणे टिकले, तर टेरियरमध्ये सावज पकडून जोरात झटकणे, म्हणजे प्रत्यक्ष मारण्याचीच कडी, शाबूत राहिली. आपला कुत्रा नेमका कोणत्या कडीला पेटतो, हे आठ-दहा दिवस शांतपणे पाहून मगच शिकवणीला हात घालावा.

‘आमचा कुत्रा फक्त हुसकावतो, मारत नाही’ हे समाधान फसवे आहे. हरणासारखा प्राणी जिवाच्या आकांताने पळाल्यावर त्याच्या स्नायूंची झीज होऊन मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात आणि अंगावर एकही ओरखडा नसताना तो काही तासांनी किंवा दिवसांनी मरू शकतो. अंड्यांवरून उठवलेला पक्षी वेळेत परतला नाही, तर अंडी थंड पडतात. न्यूझीलंडमधील वाइतांगीच्या जंगलात 1987 साली एका मोकाट जर्मन शेफर्ड कुत्रीने काही आठवड्यांत मारलेल्या किवी पक्ष्यांची संख्या सुमारे 500 असावी, असा तेथील अभ्यासकांचा अंदाज आहे. किवीच्या छातीला इतर पक्ष्यांसारखे हाडाचे आणि स्नायूंचे भक्कम कवच नसते, त्यामुळे खेळकरपणे तोंडात धरलेला किवीही दगावतो. कुत्र्याचा हेतू काय होता, हा प्रश्न सावजाच्या दृष्टीने गैरलागू आहे.

या सवयीची खरी अडचण अशी की धावणे हेच कुत्र्याचे बक्षीस असते. सावज हाती लागो वा न लागो, प्रत्येक पाठलाग पुढच्या पाठलागाची गोडी वाढवतो, म्हणून शिकवणी पक्की होईपर्यंत कुत्र्याला एकदाही मोकळे धावू न देणे ही पहिली आणि सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. त्यासाठी 10 ते 15 मीटर लांबीचा मजबूत दोर घ्यावा आणि तो गळ्याच्या पट्ट्याला न लावता हार्नेसच्या (छाती-पाठीभोवती बांधायच्या पट्ट्यांच्या) पाठीवरील कडीत अडकवावा, कारण वेगात असताना बसणारा झटका मानेवर आला तर इजा होते. दोर हाताला गुंडाळू नये आणि हातमोजे घालावेत. एकदा तळहात सोलवटला की हे सांगावे लागत नाही. आपोआप गुंडाळला जाणारा बारीक दोरीचा पट्टा या कामी वापरू नये.

दोर हाती आला की कुत्र्याकडे पाहायला शिकावे. पाठलागाच्या क्षणभर आधी त्याचे हलणारे शेपूट ताठ होते, कान पुढे येतात, वजन पुढच्या पायांवर जाते, कधी एक पंजा हवेत थांबतो. आणि सर्वांत भरवशाची खूण म्हणजे धापा टाकणारे उघडे तोंड एकदम मिटते. हाक मारायची ती याच क्षणी. कुत्रा सुटल्यानंतरच्या हाका त्याच्या कानांपर्यंत पोहोचल्या तरी डोक्यापर्यंत पोहोचत नाहीत, आणि रोज अशा वाया गेलेल्या हाकांमुळे त्याच्या नावाचीच किंमत उतरते.

म्हणून या कामासाठी एक वेगळा, रोजच्या बोलण्यात न येणारा शब्द किंवा शिट्टी राखून ठेवावी. सुरुवात घरात करावी: शिट्टी वाजली की एरवी कधीही न मिळणारा आवडता खाऊ लगेच द्यावा. मग अंगणात, मग शांत रस्त्यावर आणि शेवटी दूरवर प्राणी दिसत असतील अशा ठिकाणी सराव न्यावा. सावज दिसूनही कुत्रा क्षणभर नुसता उभा राहिला, तर त्या उभे राहण्यालाच भरघोस बक्षीस द्यावे. पुष्कळ कुत्र्यांना अशा वेळी हातातील खाऊ दिसतही नाही. तोच गवतात फेकून हुंगत शोधायला लावला किंवा दोरीला बांधलेले खेळणे जमिनीवरून सरपटवले, तर मात्र ते वळतात, कारण शोधण्याची आणि झडप घालण्याची ऊर्मी तेथे भागते. असा खेळ रोज थोडा वेळ घ्यावा. नुसते दमवून काम भागत नाही. दमलेला कुत्राही ससा दिसला की धावतो.

विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्यांचा मोह टाळावा, असे माझे मत आहे. चुकीच्या क्षणी झटका बसला तर कुत्रा त्याचा संबंध जवळून जाणाऱ्या मुलाशी किंवा दुसऱ्या कुत्र्याशी जोडू शकतो. वेल्समध्ये 2010 पासून त्यांच्यावर बंदी आहे.

ज्या कुत्र्याने आधीच शिकार केली आहे, त्याला बाहेर नेताना जाळीदार मुसके घालावे. त्यातून त्याला धापा टाकता आल्या पाहिजेत आणि पाणीही पिता आले पाहिजे. तोंड आवळून धरणारी पट्टी फिरायला नेताना धोक्याची असते. मुसके पाठलाग थांबवत नाही, म्हणून मुसके असले तरी दोर लावावाच लागतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला वन्य प्राण्यांची वर्दळ अधिक असल्याने त्या वेळा टाळाव्यात, रात्री कुत्रा बंदिस्त ठेवावा, आणि दोन कुत्री एकत्र मोकळी सोडू नयेत, कारण एकटा बिचकणारा कुत्राही जोडीदार मिळाला की बेफाम होतो.

लसीकरणात हयगय नको. आफ्रिकेतील सेरेंगेटीत 1994 साली डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगाच्या साथीत सुमारे एक तृतीयांश सिंह मेले आणि तो विषाणू आसपासच्या पाळीव कुत्र्यांमधून आल्याचे मानले जाते. रेबीजचा संसर्ग तर दोन्ही दिशांनी होतो.

एवढे करूनही कुत्र्याने प्राणी धरलाच, तर त्याच्यामागे धावू नये. तो पळत सुटेल आणि सावज आणखी घट्ट धरेल. खाऊची अदलाबदल करून तोंड सोडवावे आणि लगेच दोर लावावा. जखमी प्राण्याला उघड्या हातांनी स्पर्श न करता हवेशीर खोक्यात, अंधारात ठेवावे, पाणी वा अन्न पाजू-भरवू नये आणि वन विभागाला किंवा वन्यजीव उपचार केंद्राला कळवावे. वरून बारीक दिसणारी दाताची जखम आत खोल आणि दूषित असते, त्यामुळे ‘ठीक दिसतो’ म्हणून त्याला सोडून देऊ नये. कुत्र्यालाही चावा किंवा ओरखडा असेल, तर जखम साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. त्यानंतर काही आठवडे त्या वाटेला जाऊ नये: कुत्रा ती जागा विसरत नाही, आणि तेथे पोहोचण्याच्या बऱ्याच आधी त्याचे तोंड मिटलेले दिसेल.