मुलांना बाजारात नेण्याआधी : मराठीच्या प्रकल्पाची तयारी

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की प्रकल्पाला हात घालायचा, त्याआधी नको. जूनमध्ये प्रवेशांचा गोंधळ, जुलैत पाऊस, मग गणपती, मग पहिल्या सत्राची परीक्षा. त्यात मुलांना शाळेबाहेर काढायचं म्हणजे आपल्याच डोक्याला ताप. पुढे फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावीचं बोर्ड आणि आपल्या पर्यवेक्षणाच्या ड्युट्या. म्हणून दिवस शेवटाकडून मोजायला घ्या. सादरीकरण २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी ठेवा. शाळेला त्या दिवशी कार्यक्रम हवाच असतो. बाहेरची फेरी राज्य सरकारच्या १४ ते २८ जानेवारीच्या मराठी भाषा संवर्धन पंधरवड्यात, आणि वर्गातली तयारी डिसेंबरभर. परवानगीच्या अर्जात पंधरवड्याचा उल्लेख करा, सही लवकर मिळते.

हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर घाटकोपर-मुलुंडकडच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेतला सातवीचा वर्ग आहे. घरी कुणी गुजराती बोलतं, कुणी हिंदी, कुणी तमिळ. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली. मुलं 'सुलभभारती'तले स्वाध्याय बिनचूक सोडवतात आणि शाळेच्या फाटकाबाहेर पडल्यावर मराठीत तोंड उघडत नाहीत. प्रकल्प करायचा तो ही अडचण सोडवायला.

विषय ठरवताना एकच चाळणी लावा. मराठी न बोलता हे काम पुरं होऊ शकतं का? होत असेल तर तो विषय सोडून द्या. 'महाराष्ट्रातील किल्ले' या चाळणीत पहिल्या फटक्यात गळतो. स्टेशनरीच्या दुकानात किल्ल्यांची छापील चित्रं माहितीसकट मिळतात, आई रात्री अकरापर्यंत कापत-चिकटवत बसते आणि मुलाच्या तोंडून एक वाक्य निघत नाही. त्यापेक्षा 'आपल्या स्टेशनबाहेरच्या बाजारात कोण काय विकतं आणि तो माल कुठून येतो' याची पुस्तिका करायला घ्या. ती कुणासाठी, हेही आधीच सांगा. पुढच्या जूनमध्ये दुसऱ्या राज्यातून बदली होऊन येणाऱ्यांची मुलं आपल्या शाळेत येतील, त्यांच्या हातात ती द्यायची आहे. वाचक ठरला की मुलं आपणहून विचारतात, 'टीचर, त्यांना हा शब्द कळेल का?'

आता बाजार. या तयारीला सगळ्यात जास्त वेळ द्या. मुंबईत गिऱ्हाईक जरा अडखळलं की विक्रेता हिंदीत वळतो. त्याला माल विकायचाय, त्यात त्याचं काही चुकत नाही, पण आपला सगळा प्रकल्प तिथेच बसतो. म्हणून आदल्या आठवड्यात एकटं जाऊन फेरी मारा. कोण मराठी बोलतं ते बघा आणि त्यांना स्पष्ट सांगा, 'पोरं चुकत-माकत विचारतील, हसा हवं तर, पण उत्तर मराठीतच द्या.' बहुतेकजण हौसेने तयार होतात. वेळ त्यांनाच विचारा. सकाळची खरेदी ओसरल्यावर, दुपारच्या जेवणाआधी जरा उसंत असते. दादरच्या फूलबाजाराचा मोह आवरा. तिथली खरी उलाढाल पहाटेची आणि त्या रेटारेटीत सातवीच्या पोरांना कोण उभं करणार?

पंधरवड्याची सुरुवात संक्रांतीच्या आसपास होते हा मोठाच फायदा. सुगडं, ऊस, बोरं, ओले हरभरे, गाजरं असा वर्षात एरवी एकत्र न दिसणारा माल रस्त्यावर मांडलेला असतो आणि मुलांना खरोखर विचारण्यासारखं काहीतरी मिळतं. त्यासाठी फेरी पहिल्याच दिवसांत ठेवा. संक्रांत उलटली की सुगडवाल्या दिसायच्या नाहीत.

मुलांची तयारी कशी करायची, याचं उत्तर मला भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभूंच्या बंगळूरच्या प्रयोगात सापडतं. १९७९ ते १९८४ या काळात त्यांनी दक्षिणेतल्या काही शाळांत इंग्रजी शिकवताना व्याकरणाचा क्रम बाजूला ठेवला आणि मुलांना सोडवायला कामं दिली. वेळापत्रक वाचून उत्तर काढा, नकाशावरून वाट शोधा, अशी. आधी शिक्षक तसंच एक काम सगळ्या वर्गाबरोबर बोलत-बोलत सोडवायचे, मग दुसरं मुलांनी आपलं आपण करायचं. आपणही बाजाराआधी वर्गात बाजार मांडावा. शाळेतल्या मावशींना पाटी घेऊन बसवा. त्यांच्याइतकी चांगली रंगीत तालीम कुठलीही ध्वनिफीत देणार नाही, कारण त्या पुस्तकातलं बोलत नाहीत.

पोरगं विचारतं, 'मावशी, हा सुगड कितीचा?' मावशी म्हणतात, 'पाच घेतलीस तर पासष्ट. सुटं नाय देत.' पोरगं गप्प. पासष्ट म्हणजे किती, इथेच गाडी अडली. 'हा सुगड' तिथल्या तिथे दुरुस्त करू नका, वहीत टिपा आणि 'हे सुगड, ही जुडी, हा ऊस' याचा तास दुसऱ्या दिवशी घ्या. आकड्यांची तयारी मात्र आधीच हवी. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'पासष्ट'च्या जोडीला 'साठ पाच' दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! इंग्रजी माध्यमाच्या वर्गात उभं राहिलं की त्यामागची अडचण खरी होती हे पटतं, फक्त भाजीवाली 'साठ पाच' म्हणत नाही. तेव्हा वीस ते शंभर रोज पाच मिनिटं, शिवाय पाव, अर्धा, पाऊण, दीड, अडीच, अडीचशे. बाकी पाठ करून घ्यायची वाक्यं थोडीच. 'दोन मिनिटं बोलू का?', 'जरा सावकाश सांगाल का?', 'म्हणजे काय?', 'मराठीतच सांगा ना, मला शिकायचंय.' सगळ्यांना 'तुम्ही' म्हणायचं, हाक मावशी, काका, दादा अशी मारायची. लोकलने येणाऱ्या मुलांना गाडीतल्या घोषणा उतरवून आणायला सांगा. मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत त्या होतात, त्यामुळे अर्थ सोबतच मिळतो आणि कान तयार होतात.

गट चौघांचा. प्रभूंना गटकामाची फारशी ओढ नव्हती, मुलं एकमेकांची मोडकी भाषा उचलतील अशी त्यांना शंका होती. शंका रास्त आहे, पण चाळीस मुलं एका सुगडवालीसमोर उभी करता येत नाहीत. घरी मराठी बोलणारं एखादं मूल गटात असलं तर त्याच्या हाती वही द्या. प्रश्न त्याने विचारायचा नाही, नाहीतर बाकीचे तिघं नुसते पिशव्या धरून उभे राहतात. इतरांनी पाळीपाळीने एकाने प्रश्न, दुसऱ्याने पुढचा प्रश्न, तिसऱ्याने भाव आणि वजनं लक्षात ठेवणं, आणि विक्रेता बदलला की कामं बदलायची.

सोबत न्यायचं सामान किरकोळ आहे. पालकांची संमतिपत्रं, खिशात मावणाऱ्या वह्या, पाणी, गटागणिक एक मोठं माणूस. ध्वनिमुद्रण फक्त शिक्षकाच्या फोनवर आणि विचारूनच. पुस्तिकेत नाव किंवा फोटो घालायचा तर त्याचीही परवानगी घ्या. गटाला थोडे सुटे पैसे द्या. मावशींची दहा मिनिटं घेतली तर त्यांच्याकडून कोथिंबिरीची एक जुडी तरी घ्यावी, आणि घासाघीस करण्याइतकी मराठी कुणाला आली तर उत्तमच.

गुणांचं डिसेंबरच्या पालकसभेतच सांगून टाका. आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनात प्रकल्पाला जागा आहे तशीच तोंडी कामालाही आहे, दोन्ही इथे वापरा. किती प्रश्न स्वतः विचारले, न कळल्यावर पुन्हा विचारलं का, पहिल्या आणि तिसऱ्या कच्च्या खर्ड्यात काय सुधारलं, याला गुण. सजावटीला शून्य. सभेत थोडी कुजबुज होते, मग आयांच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव दिसतो.

लिखाणाला निदान चार जोडतासिका लागतात, पस्तीस मिनिटांच्या एका तासाने काही होत नाही. झेरॉक्सचे पैसे शाळेकडून आधी मंजूर करून घ्या. मुखपृष्ठ रंगीत, आतली पानं काळी-पांढरी. पक्की छपाई करण्याआधी प्रत्येक गटाने आपलं पान घेऊन विक्रेत्याकडे जायचं आणि मोठ्याने वाचून दाखवायचं. नारायणगावचा टोमॅटो कुणीतरी नाशिकचा लिहिलेला असतो, ते तिथल्या तिथे कळतं. ही दुसरी फेरी २७ फेब्रुवारीच्या आठवडाभर आधी ठेवा, म्हणजे दुरुस्तीला वेळ राहील.