पितळी ट्रिगर गार्डवरचे ओरखडे असे गेले

ठासणीच्या रायफलच्या किटमधला (सुटे भाग आपण जोडायचा संच) ओतीव पितळी ट्रिगर गार्ड, म्हणजे चापाभोवतीची कडी, चमकायचा, पण तिरप्या उजेडात ओरखडे दिसायचेच. बफिंगच्या चाकाने कडा तेवढ्या गोल झाल्या, पॉलिशने बोटं काळी. वैताग नुसता!

जमलं ते असं: बारीक कानस दोन्ही हातांनी आडवी धरून लांबीच्या दिशेने ओढली, ओतकामाचे खड्डे जाईपर्यंत. कानशीला आधी खडू घासायचा, म्हणजे पितळेचा कीस दातांत अडकत नाही. मग लाकडी ठोकळ्यावर २२० चा पॉलिश पेपर आडवा, ३२० उभा, ४०० आडवा, ६०० उभा. आधीच्या नंबरची एकही रेघ दिसली तर पुढे जायचं नाही. सगळा खेळ इथेच आहे. शेवटी सुती कापडाने पॉलिश.

बट प्लेटच्या (लाकडी दस्त्याच्या मागच्या टोकावरची धातूची पट्टी) कडा मात्र ती दस्त्यावर बसवूनच घासा, नाहीतर लाकडाशी पातळी जुळत नाही.